‘एक रुपयाही न भरता घर’ : आधी हिशेब मांडू या

ईद झाली की लग्नांचा हंगाम येतो आणि त्याच्या मागोमाग घरांचा. नाक्यानाक्यावर फलक लागतात : ‘डाऊन पेमेंट शून्य’, ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’, ‘फक्त पगाराची स्लिप आणा, चावी न्या’. दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरार, दर वेळी वाढणारे डिपॉझिट आणि नाव सांगितल्यावर दलालाचा बदलणारा सूर, हे सारे सोसणाऱ्या कुटुंबाला असा फलक म्हणजे रहमतच वाटते. आम्ही शाळेत गणित शिकवतो, म्हणून पालकसभा संपल्यावर पुष्कळ माता थांबून हाच प्रश्न विचारतात : मॅडम, खरेच असे घर मिळते का?

बँकेकडून सरळ मार्गाने तर मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते. कर्ज ३० ते ७५ लाखांचे असेल तर ८० टक्के आणि त्याहून मोठे असेल तर ७५ टक्के. उरलेला भाग घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून घालायचा. शिवाय ही टक्केवारी निव्वळ घराच्या किमतीवर असते. अगदी लहान, १० लाखांपर्यंतचे घर सोडले तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत.

ठाणे महापालिका हद्दीत ४० लाखांचा, बांधकाम चालू असलेला छोटा फ्लॅट घ्यायचा आहे असे समजू. बँक ३२ लाख देईल. घरचे ८ लाख. ७ टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण ती ३० हजारांच्या वर जात नाही. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर जीएसटी १ टक्का, म्हणजे ४० हजार. एकूण ११ लाख ५० हजार रुपये. यात वकील, सोसायटीची वर्गणी, विजेचा मीटर, पंखे, मोरीची फरशी काहीच नाही.

मग फलकावरचे शून्य येते कुठून? हे ११ लाख कुठेही नाहीसे होत नाहीत. ते फक्त दुसऱ्या वहीत लिहिले जातात.

पहिली वही म्हणजे वैयक्तिक कर्ज. साडेआठ टक्क्यांनी ३२ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साधारण २७,७७० रुपये होतो. वरच्या ८ लाखांसाठी १४ टक्क्यांनी पाच वर्षांचे वैयक्तिक कर्ज काढले तर त्याचा हप्ता १८,६०० च्या आसपास. दोन्ही मिळून महिन्याला ४६ हजारांहून जास्त. घरात ६० हजार येत असतील तर किराणा, फी, औषध आणि गावी अब्बांना पाठवायचे पैसे उरलेल्या १४ हजारांत बसवून दाखवा. आम्हाला तरी ते गणित सुटलेले नाही.

दुसरी वही बिल्डरची. ताबा मिळेपर्यंत व्याज आम्ही भरू, असे तो सांगतो. कर्ज मात्र तुमच्या नावावर असते आणि बँकेचा पैसा बिल्डरच्या खात्यात जातो. काम रखडले, बिल्डरने व्याज भरणे थांबवले, की वसुलीचा फोन तुम्हाला येतो आणि सिबिल तुमचे बिघडते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच द्यावी. २०१९ मध्ये नॅशनल हाऊसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितले. तरीही दिल्लीच्या आसपास हजारो कुटुंबे भाडेही भरत राहिली आणि न मिळालेल्या घराचे हप्तेही. शेवटी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सीबीआयकडे तपास सोपवावा लागला.

तिसरी वही सर्वांत वाईट, कारण ती खोटी असते. ४० लाखांच्या घराची किंमत करारात ५० लाख दाखवायची, म्हणजे बँकेचे ८० टक्के बरोबर ४० लाख होतात. किंवा बिल्डरने ८ लाख मिळाल्याची पावती द्यायची, जे कधी दिलेलेच नसतात. ‘सगळेच करतात’ असे दलाल हसत सांगतो. सगळे करत असोत वा नसोत, बँकेला खोटा कागद देणे हा गुन्हा आहे आणि त्या कागदावर सही दलालाची नसते. वाढवलेल्या किमतीवर मुद्रांक शुल्कही जास्त बसते. आमच्या ओळखीतल्या एका रिक्षाचालक भावाला अशीच पावती देऊ केली होती. सौदा फिसकटला तर हे ८ लाख परत मागता येतील का, असे त्याने भोळेपणाने विचारले. दलालाने चहा मागवला आणि विषय बदलला. भावाने बुकिंग केले नाही.

लहान गावांत याचे वेगळे रूप दिसते. गुंठेवारीचा प्लॉट महिना पाच हजारांच्या हप्त्याने, सुरुवातीला काही नाही, कागद म्हणजे स्टॅम्प पेपरवरची नोटरी. नोटरीने मालकी येत नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखतच लागते. सातबारा, बिगरशेतीचा आदेश आणि पुढे खरेदीखत नोंदवता येईल का, हे पहिल्या हप्त्याआधी पाहावे. फ्लॅटच्या बाबतीत रेरा कायदा तुमच्या बाजूने आहे : करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

व्याजाचा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात आहेच. ब्रिटन-मलेशियात भागीदारीने घर घेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे बिनव्याजी बँकिंगची शिफारस रघुराम राजन समितीने २००८ मध्ये केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव बाजूला ठेवला. तेव्हा काय करावे हे ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. बोली न लावता चालणारी भिशी आणि भावकीतले कर्ज-ए-हसना हे दोन रस्ते अजून जिवंत आहेत. वीस जणींची दरमहा २० हजारांची भिशी म्हणजे एका हाती ४ लाख. मात्र नंबर आधी लागलेली बाई शेवटपर्यंत भरेल, ही खात्री माणसांवर असते, कायद्यावर नाही. आणि भावाकडून घेतलेले पैसेही लिहूनच घ्यावेत. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे, तरी ‘आपल्यांत लिहायचे काय’ म्हणून आपण लाजतो.

आता दागिन्यांकडे येऊ, कारण बहुतेक घरांत शेवटी डाऊन पेमेंट तिथूनच निघते. मेहरचे सोने, आईने दिलेल्या बांगड्या, सारे विकून किंवा गहाण ठेवून ५-६ लाख उभे राहतात आणि घर होते नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. मेहर आणि दागिने ही बायकोची स्वतःची मिळकत आहे. उद्या नवऱ्याच्या माघारी वाटणी झाली, मुले असतील, तर विधवेच्या वाट्याला आठवा हिस्सा येतो. म्हणजे जे पूर्ण तिचे होते त्याचे भिंतींत रूपांतर झाले आणि तिला त्या भिंतींचा आठवा भाग मिळाला. शरीअतने तिच्यावर अन्याय केलेला नाही, अन्याय करार लिहिताना झाला.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ४० हजार रुपये वाचतात. करारात पती सहखरेदीदार झाला की सवलत जाते, कर्जात मात्र तो सहकर्जदार राहू शकतो. एकटीच्या नावावर घ्यायचे नसेल तर निदान दोघांची नावे घालावीत आणि तिचे किती तोळे, कोणत्या तारखेला, किती रुपयांना विकले, ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. सोनाराची पावती त्याच कागदाला टाचून ठेवावी.