संग्रहालयं घडवणारी माणसं – लेखांक ६ : ओकाकुरांची नोंदवही

नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिराच्या आवारात युमेदोनो नावाचं अष्टकोनी देवालय आहे. तिथल्या देव्हाऱ्यात अवलोकितेश्वराची, जपानीत कान्नोनची, एक मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या कुलूपबंद होती. खुद्द पुजाऱ्यांनीही ती पाहिलेली नव्हती. एके दिवशी सरकारी हुकूम घेऊन काही माणसं दारात उभी राहिली. देव्हारा उघडला तर भूकंप होईल, या भीतीने भिक्षू निघून गेले. आतल्या मूर्तीला शेकडो हात लांबीचं कापड गुंडाळलेलं होतं. धुळीत खोकत ते सोडवल्यावर सातव्या शतकातली काष्ठमूर्ती समोर आली, अंगावरचा सोन्याचा मुलामा बराचसा शाबूत.

आलेल्यांपैकी एक होते तोक्यो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे अमेरिकन प्राध्यापक अर्नेस्ट फेनोलोसा. त्यांच्या आठवणीत हे साल १८८४ आहे. सोबतचा दुभाषा म्हणजे त्यांचाच विशीतला माजी विद्यार्थी, ओकाकुरा काकुझो. पुढे तो तेन्शिन या नावाने ओळखला गेला. आजचा लेखांक त्याच्याबद्दल.

ओकाकुरांचा जन्म १८६३ मधला, योकोहामा बंदरातला. वडील मूळचे सामुराई, पुढे रेशमाचे व्यापारी. मुलगा मिशनऱ्यांकडे इंग्रजी इतकं छान शिकला, की मातृभाषेची अक्षरं मागे पडली. रस्त्यावरची जपानी पाटी मुलाला वाचता येईना, हे पाहून वडील हादरले आणि त्यांनी त्याला चिनी ग्रंथ शिकायला बौद्ध मठात धाडलं, अशी गोष्ट सांगतात. १८८० मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, ते पदवीधर झाले. प्रबंध मुळात राज्यसंस्थेवर होता. पत्नीने रागाच्या भरात तो जाळला, म्हणून दोन आठवड्यांत कलेवर दुसरा लिहून काढला, अशी घरातली आठवण आहे.

शिक्षण खात्यात नोकरी लागली तो काळ मोठा विचित्र होता. १८६८ नंतर नव्या राजवटीने शिंतो आणि बौद्ध देवस्थानं वेगळी केली, त्या लाटेत कितीतरी बौद्ध मंदिरं मोडली गेली, मूर्ती कवडीमोलाने विकल्या गेल्या. सगळ्यांची नजर युरोपकडे. सुलेखन ही कलाच नव्हे, असं १८८२ मध्ये एका चित्रकाराने लिहिलं, तेव्हा त्याला छापील उत्तर देणारे ओकाकुराच होते. आपल्याकडची कला कशाला म्हणायचं, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मागे लागला.

माझ्या मते त्यांचं खरं विद्यापीठ म्हणजे १८८८ पासून सुरू झालेली राष्ट्रीय पाहणी. गावोगावच्या मंदिरांत जायचं, पेट्या उघडायच्या, वस्तू कोणती, कशाची, कोणाची, कोणत्या काळातली हे लिहायचं, प्रत ठरवायची, छायाचित्र घ्यायचं. दहाएक वर्षांत दोन लाखांवर वस्तूंची नोंद झाली. जुन्या मंदिरांच्या जतनाचा १८९७ चा कायदा याच कामाच्या पायावर उभा राहिला. कलेचा इतिहास लिहायचा तर आधी तिची मोजदाद हवी, आणि ती कोणी तयार ताटात वाढून ठेवलेली नव्हती.

मग पदं भराभर आली. १८८९ मध्ये राजसंग्रहालयाच्या कला विभागाची जबाबदारी, त्याच वर्षी ‘कोक्का’ हे कलाविषयक मासिक, १८९० मध्ये तोक्यो कलाविद्यालयाचं प्राचार्यपद, तेही सत्ताविसाव्या वर्षी. तिथे त्यांनी जपानी कलेच्या इतिहासावर व्याख्यानं दिली. या विषयाचा असा सलग अभ्यासक्रम जपानमध्ये त्यापूर्वी नव्हता. ही व्याख्यानं त्यांनी स्वतः पुस्तकरूपात आणली नाहीत. विद्यार्थ्यांनी वह्यांत उतरवून घेतलं, म्हणून ती आज वाचता येतात. ज्यांची नावं जगभर गेली ती त्यांची पुस्तकं त्यांनी इंग्रजीत लिहिली. लहानपणी जी भाषा आधी वश झाली, तीच परदेशी वाचकापुढे कामी आली.

१८९८ मध्ये मात्र प्राचार्यपद गेलं. संस्थेतल्या गटबाजीला खासगी आयुष्यातल्या वादळाचीही जोड होती. हाशिमोतो गाहो, योकोयामा ताइकान, हिशिदा शुन्सो असे शिक्षकही त्यांच्याबरोबर बाहेर पडले आणि याच मंडळींनी निहोन बिजुत्सुइन ही स्वतंत्र संस्था काढली. पुढे १९०१-०२ मध्ये ओकाकुरा भारतात आले. स्वामी विवेकानंदांबरोबर बोधगयेला गेले, कलकत्त्यात ठाकूर कुटुंबात मिसळले आणि आपल्या अजिंठ्यालाही आले. होर्यूजीच्या मुख्य मंदिरातली भित्तिचित्रं पाहिलेला माणूस अजिंठ्याच्या लेण्यात उभा राहिला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. होर्यूजीच्या चित्रांमधल्या रेषेचं माहेर त्यांना इथे सापडलं. लंडनहून १९०३ मध्ये निघालेल्या ‘द आयडियल्स ऑफ द ईस्ट’ला भगिनी निवेदितांची प्रस्तावना आहे.

१९०४ पासून ते बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात काम करू लागले. तिथला जपानी संग्रह बराचसा फेनोलोसा आणि त्यांच्या मित्रांनी जमवलेला. आता शिष्याने तो पुन्हा तपासायला घेतला. थोर चित्रकारांच्या नावावर मांडलेली कितीतरी चित्रं नीट पाहून त्यांनी ती नावं बदलली. गुरूच्या यादीवर खूण करायला हात धजावा लागतो, पण वस्तूपुढे गुरूचीही भीड धरायची नाही, हे त्यांनी पाळलं. १९१० मध्ये ते तिथल्या चिनी-जपानी विभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी तोक्योच्या विद्यापीठात पूर्व आशियाई कलाकौशल्याच्या इतिहासावर व्याख्यानंही दिली. वर्षाचा काही काळ बॉस्टन, उरलेला जपानमधल्या इझुराच्या समुद्रकाठी, होडीत गळ टाकून.

ऑगस्ट १९१३ मध्ये तब्येत ढासळलेली असताना ते जुन्या मंदिरांच्या जतन समितीच्या बैठकीला गेले. होर्यूजीची भित्तिचित्रं वाचवण्यासाठी उपाय योजावेत, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. २ सप्टेंबरला अकाकुरा इथे त्यांचं निधन झालं. तीन वर्षांनी त्या चित्रांसाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली. १९४० मध्ये त्यांच्या प्रतिकृती करायला चित्रकार बसले. ते काम चालू असतानाच, २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे, मंदिराला आग लागली आणि भिंतींवरचे रंग करपून गेले.

त्या प्रतिकृती करणाऱ्यांत अराई काम्पो होते. त्याच्या वीसेक वर्षं आधी त्यांनी अजिंठ्यात बसून तिथल्या चित्रांच्याही प्रती केल्या होत्या. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.