सदतीस घोडे आणि समोरचा वारा

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. वडीलधारी मंडळी विचारतात, ‘किती देते?’ आणि पोरं विचारतात, ‘किती पळते?’ पहिल्या प्रश्नावर लग्नाच्या मांडवापासून दहाव्याच्या घाटापर्यंत कुठंही चर्चा रंगू शकते. दुसऱ्याचं उत्तर पोरं स्वतःच शोधतात, बंद गाडीच्या काचेला नाक लावून. स्पीडोमीटरच्या तबकडीवर शेवटचा आकडा जो छापलेला असेल तितकी गाडी पळणार, असा त्यांचा सरळ हिशेब. पुष्कळ मोठी माणसंही तो हिशेब आयुष्यभर सोडत नाहीत.

माझी मारुती ८०० आहे १९९६ सालची, चार गिअरची. तबकडीवर शेवटचा आकडा १४०. नागपूरला बहिणीकडे मुंजीला जायचं ठरलं तेव्हा भाच्यानं विचारलं, “मामा, ही समृद्धीवर चालेल?” प्रश्नात थोडी थट्टा होती, पण प्रश्न खरा होता. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. मोटारींना तिथं ताशी १२० ची परवानगी आहे. म्हणजे रस्ता जेवढी मुभा देतो तेवढं या गाडीच्या अंगात तरी आहे का? मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

सपाट रस्त्यावर एका वेगानं चाललेल्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागं ओढतात. एक टायर. तो जमिनीवर दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात शक्ती खातो. ही ओढ गाडीच्या वजनावर ठरते, वेगानं फारशी बदलत नाही. चौघांपैकी दोघं बसलेली मारुती आठशे किलोची धरली तर ही ओढ साधारण दहा-साडेदहा किलो वजनाइतकी भरते. बादलीभर पाणी उचलण्याएवढी. दुसरी गोष्ट वारा, आणि खरा मामला इथं आहे. एसटीत ‘हात खिडकीबाहेर काढू नये’ अशी पाटी असायची आणि आपण सगळ्यांनी तो काढलेला असायचा. तेव्हा तळव्याला कळलेलं होतं की वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यात आणखी एक मेख आहे. चौपट धक्का खात गाडी तेवढ्याच सेकंदात दुप्पट अंतर कापते, म्हणून इंजिनाला लागणारी शक्ती होते आठपट. घनाचं गणित ते हेच.

आता माझ्या गाडीचं घ्या. रुंदी १.४४ मीटर, उंची १.४ मीटरच्या किंचित वर. कोपरे गोल आणि चाकांमधली जागा मोकळी, ते वजा करून वाऱ्याला भिडणारं अंग सुमारे १.७ चौरस मीटर. आकार डबीसारखा, म्हणून वाऱ्याला अडवण्याचा गुणांक ०.४ च्या आसपास धरायला हरकत नाही. गुणाकार केल्यावर जे आलं ते पाहून मीही चकित झालो. ताशी ६० ला चाकांपाशी फक्त ५ अश्वशक्ती पुरतात. ८० ला ९. शंभराला पंधरा-सोळा. १२० ला २५. आणि १३० ला ३१. शेवटच्या त्या दहा किलोमीटरना सहा घोडे लागतात. पहिल्या साठांना पाच पुरले होते!

इंजिन ७९६ सीसीचं, मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर ३७ अश्वशक्ती देणारं. गिअरबॉक्स आणि दांड्यांमध्ये थोडी शक्ती जाते. चाकापर्यंत ३२ पोचतात असं समजू. मागणी आणि पुरवठा १३० च्या आसपास जुळतात. त्यापुढं अॅक्सिलरेटर फरशीला टेकवला तरी काटा हलत नाही. कमाल वेग म्हणतात तो हाच. गाडीचे घोडे आणि समोरची हवा यांच्यात रस्सीखेच चालते आणि दोर जिथं स्थिर होतो तो आकडा. वारा समोरून आला, उतार लागला, चढ लागला की तो बदलतो. विदर्भाच्या मोकळ्या माळावर ताशी वीसचं वारं समोरून आलं, तर शंभरावर चाललेल्या गाडीच्या अंगावर १२० चा धक्का बसतो.

यात वजन कुठं आलं? जवळजवळ कुठंच नाही, आणि हे लोकांना पटत नाही. जड गाडीला वेग गाठायला वेळ लागतो, पण सपाटीवर गाठता येणारा शेवटचा वेग वजनानं फारसा अडत नाही. अॅम्बॅसॅडर पहा. १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, पन्नासच्या आसपास अश्वशक्ती, म्हणजे मारुतीहून तिसऱ्या हिश्श्यानं जास्त. पण तिची छाती १.६६ मीटर रुंद आणि उंचीही १.६ मीटर, म्हणजे वाऱ्याला भिडणारं अंगही साधारण तिसऱ्या हिश्श्यानंच जास्त. मोठं इंजिन मोठी हवा ढकलण्यात खर्ची पडलं आणि वजनानं कितीतरी हलकी पोरगी मारुती तिच्या बरोबरीनं पळत राहिली. वजनाचा हिशेब घाटात द्यावा लागतो. वीस मीटरला एक मीटर चढ असेल तर आठशे किलोची गाडी चाळीस किलोंनी मागं ओढली जाते, ताशी ११० ला वारा ओढतो जवळपास तेवढी. म्हणून बोरघाटात भरलेली मारुती तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर येऊन धापा टाकायची.

घनाचं गणित श्रीमंतांनाही सोडत नाही, हे पाहून मला जरा बरं वाटतं. बुगाटी व्हेरॉन ही गाडी २००५ मध्ये १,००१ अश्वशक्ती घेऊन आली आणि ४०७ किलोमीटरपर्यंत गेली. २०१० मध्ये तिची थोरली बहीण १,२०० अश्वशक्तीची निघाली. जास्तीच्या दोनशे घोड्यांनी, म्हणजे माझ्या गाडीच्या पाच इंजिनांहून जास्त बळानं, काय मिळालं? ४३१. चोवीस किलोमीटर फक्त. घनमूळ काढून पहा, उत्तर बरोबर तेवढंच येतं.

गिअरची भूमिकाही आहे. मारुतीचं बारा इंची रिमवरचं टायर एका फेरीत सुमारे १.६ मीटर चालतं. १२० च्या वेगाला मिनिटाला १,२५० फेऱ्या. इंजिनाचं सगळं बळ ५,००० फेऱ्यांवर मिळतं, म्हणजे इंजिनाच्या चार फेऱ्यांना चाकाची एक फेरी हवी. ते प्रमाण चुकलं तर घोडे असूनही कामाचे नाहीत. पाच गिअरच्या बऱ्याच गाड्या सर्वाधिक वेग चौथ्यातच गाठतात. पाचवा इंजिनाला विसावा आणि पेट्रोलची बचत देण्यासाठी असतो. विजेच्या गाडीत गिअर नसतो, तिथं बॅटरी जपायला कंपनीच मर्यादा घालून ठेवते.

आणि काटा? आंतरराष्ट्रीय नियम असा की तो खऱ्या वेगाहून कमी दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत चालतो. तेव्हा शेजाऱ्यांचे ‘एकशेचाळीस मारले’ त्यातून थोडे वजा करून ऐकावेत.

तर भाच्याला उत्तर देता आलं. ही गाडी समृद्धीवर १२० ला जाईल, पण तिच्याकडच्या बत्तीसपैकी पंचवीस घोडे अखंड, तासन् तास जुंपून. भाच्याच्या नव्या गाडीला १२० म्हणजे सहज चाल. माझ्या गाडीला ती धाप आहे. शिवाय मुंजीचं सामान टपावर बांधायचा बेत होता. ताडपत्रीत गुंडाळलेल्या बॅगा म्हणजे वाऱ्यासमोर आणखी अर्धा चौरस मीटर भिंत. कमाल वेग १३० वरून थेट १२० वर येतो आणि हाताशी काहीच उरत नाही. ट्रकला ओलांडताना जो राखीव दम लागतो, तोच नसतो. कॅरिअर काढून ठेवलं, बॅगा भाच्याच्या डिकीत गेल्या.

इंजिनाला वारा अडवतो, ब्रेकला असं कुणी फारसं मदतीला येत नाही. चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरांनी, ८० वरून थांबायला भान यायचा एक सेकंद धरून साठ मीटरच्या आत भागतं. १२० वरून सव्वाशे मीटरच्या जवळ जातं. वेग दीडपट, अंतर दुप्पट. आणि हे टायर नवे असतील तर. हवा कमी असलेलं टायर जास्त दबतं, जास्त तापतं, आणि समृद्धीसारख्या न थांबता धावायच्या सिमेंटच्या रस्त्यावर ते गार व्हायला सवड मिळत नाही. निघण्यापूर्वी मी चारही टायर बदलले. मुंजीच्या आहेरापेक्षा तो खर्च मोठा झाला, हे बहिणीला सांगितलेलं नाही.

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारींत ८० च्या वर मधून मधून आणि १२० च्या वर अखंड वाजणारा इशारा सक्तीचा आहे. माझ्या गाडीत तसलं काही नाही. मी नव्वदला डाव्या बाजूनं चाललो. एकदाच शंभर ओलांडले. दारांच्या रबरांतून वारा शिट्टी घालू लागला, मागच्या सीटवरचं बोलणं ऐकू येईना, आणि बायकोनं काही न बोलता डॅशबोर्डवर हात ठेवला.