विश्लेषण : रोजच्या गाडीत रेसिंग हार्नेस बसवणे किती सुरक्षित?

अमरावती–अकोला महामार्गावर लोणी ते माना या दरम्यान ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रखडलेल्या कामामुळे आणि खड्ड्यांमुळे बदनाम झालेल्या या रस्त्यावर आता गाड्या सुसाट धावतात. अमरावती जिल्ह्यातूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वेग आला की हौसही येते. शर्यतीच्या गाडीतले रंगीत पट्ट्यांचे हार्नेस आणि बकेट सीट आता ऑनलाइन मागवता येतात आणि कोणत्याही गॅरेजमध्ये बसवून मिळतात. दिसायला भारदस्त असलेली ही जोडणी अपघातात जीव वाचवते का?

साध्या सीटबेल्टपेक्षा हार्नेस वेगळा कसा?

गाडीतला नेहमीचा तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये प्रत्यक्षात आणला. एरवी तो सैल राहतो आणि झटका बसताच अडकतो. आताच्या अनेक गाड्यांत धडकेच्या क्षणी तो आधी खेचला जाऊन अंगाशी घट्ट होतो आणि नंतर छातीवरचा दाब कमी व्हावा म्हणून थोडा सोडलाही जातो. एअरबॅग किती वेळात आणि किती फुगावी, याचे गणित याच पट्ट्याच्या हालचालीवर बेतलेले असते.

हार्नेसमध्ये चार, पाच किंवा सहा पट्टे असतात आणि ते चालकाला सीटशी जखडून ठेवतात. घाटातल्या वळणावर शरीर हलू नये, हा त्याचा एक हेतू. मात्र शर्यतीच्या गाडीत हार्नेस एकटा नसतो. त्याच्यासोबत लोखंडी नळ्यांचा पिंजरा म्हणजे रोल केज, खास सीट, हेल्मेट आणि मान सावरणारे उपकरण असते. रोजच्या गाडीत यातला फक्त हार्नेस येतो आणि घोळ तिथेच होतो.

घट्ट पट्टा धोक्याचा कसा ठरतो?

सर्वांत मोठा धोका मानेला. छाती आणि खांदे जखडले की समोरच्या धडकेत फक्त डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर व कवटीच्या तळाशी येतो. अमेरिकेतील नामवंत शर्यतपटू डेल अर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथील शर्यतीत कवटीच्या तळाला झालेल्या फ्रॅक्चरने गेले. त्यांच्याकडे मान सावरणारे ‘हान्स’ उपकरण नव्हते. त्याच वर्षी नॅसकार शर्यतींत डोके-मानेचा आधार सक्तीचा झाला आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्येही. चिखलदऱ्याला सहलीला निघालेला कोणी हेल्मेट आणि हान्स घालून बसत नाही.

दुसरा धोका पोटाला. पाचवा आणि सहावा पट्टा मांड्यांमधून येऊन मधले बक्कल खाली धरून ठेवतो. शर्यतीच्या सीटच्या बैठकीत त्यासाठी छिद्र असते, मूळ सीटमध्ये ते नसते. म्हणून हौशी मंडळी चार पट्ट्यांवर भागवतात. अशा जोडणीत खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा कटीच्या हाडावरून सरकून पोटावर चढू शकतो आणि शरीर त्याखालून पुढे घसरते. मग सारा भार आतड्यांवर आणि कण्यावर येतो.

खांद्याचे पट्टे मागे कुठे बांधले, हेही तितकेच महत्त्वाचे. जागतिक मोटरस्पोर्ट संघटना एफआयएच्या नियमानुसार ते आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नयेत. शिफारस तर १० अंशांच्या आतली आहे. छोट्या हॅचबॅकमध्ये ते मागच्या सीटखालच्या फरशीला बांधले, तर धडकेत खांदे खाली दाबले जाऊन कणाच चेपला जातो. गाडी उलटून छत दबले तर रोल केज नसलेल्या गाडीत ताठ जखडलेल्या चालकाला बाजूला झुकायलाही वाव उरत नाही.

शिवाय रोजची अडचण आहेच. राजकमल चौकात वळताना खांदा वळवून मागची दुचाकी पाहता येत नाही. कंटाळून चालक पट्टे सैल सोडतो, आणि सैल हार्नेस मूळ पट्ट्यापेक्षा वाईट. मूळ बक्कल रिकामे राहिल्याने गाडी सतत बीप करते, म्हणून त्यात खोटी क्लिप खोचली जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिप विक्रीतून हटवण्याचे आदेश दिले होते, ते उगाच नाही.

सीट बदलली तर?

अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते. सीट काढली की ती गेली. काही गाड्यांत पट्ट्याचे बक्कल आणि सेन्सरही सीटला जोडलेले असतात. वायर तोडून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा बंद केला, म्हणून दोष गेला असे होत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड वेगळा. न कळवलेल्या बदलावरून विम्याच्या दाव्यातही वाद होऊ शकतो.

शर्यतीत उतरायचेच असेल तर?

मग अर्धवट काही करू नये. भारतीय मोटरस्पोर्ट महासंघाचा परवाना घ्यावा आणि स्पर्धेसाठी वेगळी गाडी ठेवावी. हार्नेसवर एफआयए ८८५३-२०१६ आणि सीटवर ८८५५-१९९९ सारख्या मानकाची पट्टी, तसेच मुदतीची तारीख तपासावी. सीट किमान चार ठिकाणी, किमान ८ मिलिमीटरच्या बोल्टने घट्ट बसवायची असते. पत्र्यामागे किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि ४० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी लागते; नुसत्या वॉशरवर बोल्ट पत्रा फाडून निघतो. सीट नितंबांना आणि बरगड्यांना नेमकी बसावी, पट्ट्यांची छिद्रे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर असावीत. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे नंतर. जुना हार्नेस स्वस्तात मिळाला तरी मोह टाळावा. उन्हाने पट्ट्याचे धागे कमकुवत होतात आणि अकोल्यात मे महिन्यात काचेतून येणारे ऊन काय असते, हे वेगळे सांगायला नको. मोठ्या अपघातातून गेलेला पट्टा, हार्नेसचा असो वा मूळ, पुन्हा वापरायचा नसतो.

रोजच्या गाडीत मूळ पट्टाच ठेवावा. त्याचा खालचा भाग पोटावर न ठेवता कटीच्या हाडावर, पीळ न पडता बसवावा आणि पाठ फार मागे झुकवू नये. मागच्या सीटवरच्यांनाही तो बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल मागच्या सीटवर होते. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता.