एकाच जाडीच्या दोन प्लेटा

पैठणच्या जायकवाडी धरणाच्या सांडव्यावर २७ वक्राकार दरवाजे असून प्रत्येक दरवाजा १२.५ मीटर रुंद व ७.९ मीटर उंच आहे. पाणी पूर्ण उंचीपर्यंत चढले की एका दरवाजावर सुमारे ३९० टनांचा भार येतो आणि त्याच्या तळाशी दर चौरस मीटरला जवळपास ८ टन दाब असतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एखादा बॉयलर १०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर चालत असेल, तर त्याच्या कवचावर दर चौरस मीटरला १०५ टन दाब असतो, आणि तोही १८५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात.

धरणाच्या दरवाजासारख्या बांधकामाच्या प्लेटसाठी भारतात ‘आयएस २०६२’ हे मानक आहे. त्यातील ‘ई २५०’ या प्रतीचा आकडा यील्ड, म्हणजे ज्या ताणापलीकडे पोलाद मूळ आकाराला परतत नाही ती मर्यादा, मेगापास्कलमध्ये सांगतो. मात्र २५० ही हमी २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीपुरतीच असून ४० मिलिमीटरच्या पुढे ती २३० वर येते, कारण जाड प्लेट कमी लाटली जाते व सावकाश थंड होते. आकड्यापुढील अक्षराकडे खरेदीदाराचे फार वेळा दुर्लक्ष होते, आणि ते घातक आहे: ‘ए’ला आघात-चाचणी नाही, ‘बीआर’ला ती मागितली तरच सामान्य तापमानाला होते, ‘बी०’ला शून्य अंशाला व ‘सी’ला उणे २० अंशाला ती बंधनकारक आहे.

बॉयलरच्या कवचासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एसए ५१६ ग्रेड ७०’ या अमेरिकी प्रतीचे यील्ड २६० मेगापास्कल, म्हणजे ई २५० पेक्षा जेमतेम १० ने अधिक आहे. खरा फरक ताकदीत नसून खात्रीत आहे. बांधकामाच्या प्लेटसाठीच्या अमेरिकी नियमात एका हीटमागे, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या पोलादामागे, साधारणपणे दोन ताण-चाचण्या पुरतात. बॉयलरसारख्या दाबपात्राच्या बाबतीत मात्र लाटलेल्या प्रत्येक प्लेटची चाचणी घ्यावी लागते. शिवाय ४० मिलिमीटरहून जाड प्लेट ९०० अंशांच्या आसपास तापवून स्थिर हवेत निववतात, म्हणजे तिचे कण बारीक होऊन चिवटपणा वाढतो. एवढी काळजी घेण्याचे कारण उघड आहे: दरवाजाचा एखादा भाग वाकला तर शेजारचे भाग त्याचा भार काही प्रमाणात उचलतात, पण कवच फाटले की आतल्या तप्त पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. १८६३ मध्ये कोलकात्यात असाच स्फोट झाल्यावर बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला आणि पुढे १९२३ चा भारतीय बॉयलर अधिनियम झाला.

त्या परंपरेतील १९५० च्या बॉयलर विनियमांनुसार पोलाद बनवणाऱ्याने ‘फॉर्म चार’मध्ये रासायनिक घटक व चाचण्यांचे निकाल प्रमाणित करून द्यावयाचे असतात आणि त्यातील हीट नंबर प्लेटवर ठोकलेल्या नंबराशी जुळावा लागतो. म्हणून फॅब्रिकेटर प्लेट कापण्यापूर्वीच तो नंबर उरणाऱ्या तुकड्यावरही ठोकून घेतो. नंबर नसलेला तुकडा, रसायनदृष्ट्या तोच असला तरी, पुन्हा चाचणी होईपर्यंत दाबपात्राला चालत नाही.