जादूगाराची ताकद किती असावी?

या वर्षी मार्चमधली एक शनिवारची सकाळ. मी पोह्यांना फोडणी देत होते आणि वरून आरोळी आली, "आई, दे नर्फ्ड माय मेज!" धावत वर गेले. फुटलं काहीच नव्हतं. बारा वर्षांच्या आमच्या चिरंजिवांच्या ऑनलाइन खेळात रात्री अपडेट आला होता, आणि त्याच्या जादूगाराच्या आगीच्या गोळ्याचा तडाखा कमी झाला होता. मी म्हणाले, "खेळच तो!" झालं, दुपारपर्यंत अबोला.

मग हळूच कळलं. दर शनिवारी संध्याकाळी पाच मित्र मिळून खेळतात. त्यातले तिघं न्यू जर्सीतल्या जुन्या शाळेतले. आम्ही टेक्सासला आल्यापासून ती एकच भेट उरलीय. "माझा मेज वीक झाला, आता ते मला कशाला घेतील?"

हे ऐकल्यावर मात्र मी खुर्ची ओढून बसले.

आमच्या घरी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुनी आवृत्ती खेळणारे एक गृहस्थ आहेतच. (लग्नाआधी हे सांगितलं नव्हतं.) 2004 साली आलेल्या या खेळात जादूगार मारतो जोरात, पण अंगावर नुसता कापडी झगा. दोन घाव बसले की आडवा. शिवाय मंत्र म्हणायला वेळ लागतो. त्यात एक हिशेब मला फार आवडला. मंत्राला लागणाऱ्या सेकंदांना साडेतीनने भागायचं, तेवढ्या प्रमाणात वस्तूंमधून मिळालेली जादा शक्ती त्या मंत्राला लागू होते. 100 जादा असेल, तर साडेतीन सेकंदांच्या फायरबॉलला पूर्ण 100, दीड सेकंदाच्या स्कॉर्चला जेमतेम 43. हे नसतं तर सगळे छोटाच मंत्र भराभर मारत सुटले असते. निबंधाला आणि एका वाक्यातल्या उत्तराला सारखेच गुण ठेवले, तर निबंध कोण लिहील?

समोरच्या खेळाडूचं मेंढरू करणारा मंत्रही आहे. लागोपाठ वापरला तर दुसऱ्या वेळी निम्मा वेळ टिकतो, तिसऱ्या वेळी पाव, मग लागतच नाही. नाहीतर बिचारा समोरचा संध्याकाळभर चरतच राहील.

आणि इतकं मोजूनही गंमत होतेच. त्या जुन्या खेळातल्या 'मोल्टन कोअर' नावाच्या गुहेतले बरेचसे राक्षस आगीचेच. त्यांना आग लागणार कशी? तिथे जादूगारांना बर्फाकडे वळावं लागलं. आकडा तोच, जागा बदलली की किंमत बदलली.

लग्नाआधी सांगलीत मी नववीला मराठी शिकवायचे. एका मुलाचे दोन गुण वाढवले की दुसरा दारात उभा, हे मला चांगलं ठाऊक आहे. खेळात सगळ्यांनाच वाढवून दिलं, तर राक्षसही वाढवावे लागतात. म्हणून एकाचं कापणं सोपं पडतं. पण कापलं तर कारण सांगावं, एवढं माझ्यातल्या मास्तरणीचं म्हणणं आहे.

चिरंजिवांना मी कर्णाची गोष्ट सांगितली. इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरायची होती. अर्जुनासाठी जपून ठेवली आणि घटोत्कचावर खर्च झाली. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "म्हणजे कृष्णाने त्याचा कूलडाउन बेट केला!" एम.ए.ला दोन वर्षं घालवून मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

मग मी विचारलं, "तुझा जादूगार आग सोडून आणखी काय करतो?" त्याने बोटांवर मोजलं. सगळ्यांसाठी पाणी बनवतो, शत्रूला गोठवतो, दूरच्या गावाचं दार उघडतो. "हे बाकीच्या चौघांपैकी कुणाला येतं?" "...नाही."

संध्याकाळी सात वाजता तो हेडफोन लावून बसला. मी कपड्यांच्या घड्या घालायच्या निमित्ताने जिन्यात घुटमळत होते. दहा मिनिटं शांतता. मग आतून आवाज आला, "गाइज, वेट! सगळे या, पोर्टल उघडतोय!"

पोहे आम्ही रात्री गरम करून खाल्ले.