संक्रांतीचा राहिलेला प्रश्न

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही शॅननमध्ये जमलो, तेव्हा सूर्यनारायणाने दर्शन दिलेच नाही. तिळगूळ घेता घेता एका चिमुरडीने विचारले, "सूर्यात हायड्रोजन असतो ना? मग तो बॉम्बसारखा फुटत का नाही?" आम्ही मोठ्यांनी "आत फार उष्णता असते" असे काहीतरी ठोकून दिले. घरी येऊन पुस्तके उघडली, तेव्हा लक्षात आले की ते उत्तर चुकीचे होते.

सूर्याच्या गाभ्यात सुमारे १.५ कोटी अंश तापमान आहे, आणि खरे कोडे हे की तेवढे पुरत नाही! हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे प्रोटॉन. दोन प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. ही अडवणारी भिंत सुमारे १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच, आणि धडकणाऱ्या जोडीकडे सरासरी ऊर्जा जेमतेम २,०००. जुन्या भौतिकीप्रमाणे सूर्य पेटायलाच नको.

पुंजभौतिकीत मात्र कण लहरीसारखा वागतो. लहर भिंतीपाशी एकदम संपत नाही, आत विरत जाते, आणि पलीकडे तिचा बारीक अंश उरतो. तेवढीच कण पलीकडे सापडण्याची शक्यता. याला 'टनेलिंग' म्हणतात. पण खंडाळ्याचा बोगदा डोळ्यांपुढे आणू नये, इथे कोणी भिंत पोखरत नाही. जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये हे गणित मांडले. त्यानुसार २,००० ऊर्जेला भिंतीपार जाण्याची शक्यता ढोबळमानाने ६५ लाखांत एक, तर ६,००० ला साडेआठ हजारांत एक. इतके वेगवान प्रोटॉन थोडेच, पण सूर्याचे काम मुख्यतः तेच करतात.

हे नुसते कागदावर राहिले नाही, याचे श्रेय वॉटरफर्ड काउंटीला! डंगार्वनला १९०३ मध्ये जन्मलेले अर्नेस्ट वॉल्टन केंब्रिजमध्ये जॉन कॉकक्रॉफ्ट यांच्याबरोबर काम करत. गॅमोंच्या गणितावरून कॉकक्रॉफ्टनी ताडले की लक्षावधी व्होल्टच्या यंत्राची गरज नाही, काही लाखांत भागेल. १४ एप्रिल १९३२ रोजी वॉल्टननी लिथियमवर प्रोटॉन सोडले, यंत्राखालच्या छोट्या खोपटात रांगत शिरून पडद्याकडे पाहिले, तर ठिणग्या चमकत होत्या. प्रोटॉन लिथियमच्या केंद्रकात शिरून हेलियमची दोन केंद्रके बाहेर पडत होती. १९५१ चे नोबेल दोघांना मिळाले.

आता चिमुरडीचा प्रश्न. भिंत पार झाली तरी दोन प्रोटॉन नुसते चिकटून राहत नाहीत. त्याच क्षणी एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि ते इतके क्वचित घडते की सूर्यातला एक प्रोटॉन सरासरी शेकडो कोटी वर्षे वाट पाहतो. म्हणून सूर्य सावकाश जळतो. बॉम्बमध्ये जड हायड्रोजन वापरतात. त्यात न्यूट्रॉन आधीच असतात, वाट पाहावी लागत नाही. वीजनिर्मितीच्या प्रयोगांतही तोच वापरतात. १९५५ मध्ये जिनिव्हाला डॉ. होमी भाभांनी दोन दशकांत ती साधेल असे भाकीत केले होते; तिथे मात्र आपण अजून वाटच पाहतो आहोत.

चिमुरडीला हे सारे पुढच्या जमण्यात सांगायचे आहे. तिच्या आईबाबांनी तिला जरूर आणावे, तिळगूळ शिल्लक आहे.