मढीची जातपंचायत

मढीची जातपंचायत ही भटक्या जमातींची पारंपरिक न्यायव्यवस्था होय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी असून होळी ते गुढीपाडवा या काळात तेथे यात्रा भरते. वर्षभर विखुरलेले वैदू, गोपाळ, कोल्हाटी आदी समाज या निमित्ताने एकत्र येत व पंचांपुढे तंटे मांडत.

स्वरूप

विवाह, काडीमोड, देणेघेणे व जातीबाहेरील संबंध हे पंचायतीपुढील मुख्य विषय असत. निवाडा तोंडी होई. दंड, जातभोजन व वाळीत टाकणे या नेहमीच्या शिक्षा होत. काही जमातींत खरेखोटे ठरविण्यासाठी उकळत्या तेलातून नाणे काढण्यासारखी दिव्ये करावी लागत. स्त्रीला पंचांपुढे स्वतःची बाजू मांडण्याची मुभा बहुधा नसे.

समाजशास्त्रीय अर्थ

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1893 मध्ये मांडलेल्या विचारानुसार, शिक्षेचे मुख्य कार्य गुन्हेगाराला सुधारणे हे नसून समूहाची सामायिक श्रद्धा दृढ करणे हे असते. जातपंचायतीला हा विचार बऱ्याच अंशी लागू पडतो. परजातीत विवाह करणाऱ्याने कोणाचे नुकसान केलेले नसते. त्याने जातीची सीमा ओलांडलेली असते. म्हणूनच त्याला सर्वांत कठोर शिक्षा, म्हणजे बहिष्कार, भोगावी लागे. सोयरीक, मदत आणि अंत्यविधीचे खांदेकरीही जातीतूनच मिळत असल्याने बहिष्कृत कुटुंब पूर्णपणे निराधार होई.

या व्यवस्थेच्या टिकाऊपणामागे राज्यसंस्थेचाही वाटा आहे. ब्रिटिश सरकारने 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तथापि भटक्यांविषयीचा संशय ओसरला नाही. ज्यांना पोलीस ठाण्याचे भय वाटे, त्यांना पंचायत हाच जवळचा आधार होता. मात्र तोच आधार दुर्बळांसाठी बंधनही ठरला.

कायदा व सद्यःस्थिती

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 2013 मध्ये जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केले. त्यानंतर काही समाजांनी आपल्या पंचायती बरखास्त केल्या. राज्य विधिमंडळाने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला व तो जुलै 2017 पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. पूर्वी शिक्षा म्हणून दिला जाणारा बहिष्कार त्यामुळे स्वतःच गुन्हा ठरला आहे.